शिस्तीची सावकारी

शाळेतली छडी कायद्याने मोडली, हे उत्तम झाले. ती पुन्हा आणावी असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीला आम्ही बसणार नाही. परंतु छडी ज्या कोपऱ्यात उभी असे, त्या कोपऱ्यात आता एक वही येऊन बसली आहे, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. या वहीत प्रत्येक मुलाच्या नावे वर्षारंभी काही गुण जमा धरले जातात. उशीर झाला, २ गुण वजा. गणवेशात खोट निघाली, २ वजा. वर्गात बोलला, ३ वजा. गृहपाठ आणला नाही, ५ वजा. शिल्लक एका रेषेखाली आली की पालकांना चिठ्ठी, आणखी खाली आली की मधल्या सुटीत वर्गात बसवून ठेवणे, आणि त्याहूनही खाली आली की शाळेचे दार बंद! कोठे ही वही कागदाची असते, कोठे तिला रंगीत पत्त्यांचे रूप असते, कोठे ती ‘हाउस’च्या नावाने भिंतीवर टांगलेली असते, आणि आता तर ती शिक्षकाच्या मोबाइलमध्ये शिरली आहे, आणि मूल घरी पोचण्याआधी त्याची उणी खूण बापाच्या हातातल्या मोबाइलवर पोचलेली असते. रूप कोणतेही असो, तत्त्व एकच. मुलाचे वागणे म्हणजे एक खाते, शिक्षक म्हणजे खतावणीचा कारकून, आणि शिस्त म्हणजे शिल्लक!

ही शिस्त नव्हे. ही शिस्तीची सावकारी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सीमाप्रश्नाला वाहिलेल्या या पत्राने शाळेतल्या गुणांची उठाठेव कशासाठी करावी, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, सीमा नकाशावर एकदाच आखली जाते. शाळेत मात्र ती रोज सकाळी प्रार्थनेची घंटा झाली की नव्याने आखली जाते. नकाशावरची रेघ बदलून घ्यावी म्हणून आपण आयोगापुढे गाऱ्हाणी मांडली, सत्याग्रह केले, न्यायालयाची पायरी चढलो. पण मुलाच्या जिभेवर जी रेघ शाळा ओढते, ती बदलून घ्यायला कोणत्या न्यायालयात जायचे? घरची भाषा ही गैरवर्तनाची बाब आहे, असे एकदा मुलाच्या मनाने घेतले की पुढे त्याचा तालुका कोणत्या राज्यात आला, याला फारसा अर्थ उरत नाही.

मलाजखंडाचेच उदाहरण घ्या. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून बनविण्यात आला. जुन्या मध्यप्रांतात तो नागपूर विभागात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर, भंडारा आणि विदर्भाचे इतर जिल्हे मुंबई राज्यात आले आणि बालाघाट नव्या मध्यप्रदेशात राहिला. वैनगंगेने मात्र पुनर्रचनेचा कायदा वाचलेला नाही. ती बालाघाटाहून गोंदिया-भंडाऱ्याकडे पूर्वीसारखीच वाहते, आणि तिच्या दोन्ही काठांवरची सोयरीकही पूर्वीसारखीच चालते. याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात, बैहरच्या पलीकडे, मलाजखंड आहे. १९८२ साली येथे हिंदुस्थान कॉपरचा तांब्याचा प्रकल्प सुरू झाला आणि गोंड-बैगांच्या रानात एक वसाहत उभी राहिली. देशाच्या नाना भागांतून माणसे आली. मलाजखंड मराठीचेच आहे, असा खोटा दावा आम्ही करीत नाही. त्या भूमीवर पहिला हक्क गोंडांचा आणि बैगांचा आहे. पण ज्या प्रदेशात गोंडी, छत्तीसगढी, पोवारी, मराठी आणि हिंदी बोलणारी घरे एकमेकांच्या आडोशाला राहतात, तेथील शाळा म्हणजे सीमेचे खरे स्वरूप दाखविणारा आरसा होय. शिस्तीची कोणतीही पद्धत न्यायाची आहे की नाही, हे मुंबईच्या किंवा दिल्लीच्या नामांकित शाळेत कळत नाही. ते अशा गावात कळते.

वहीत कोणाचे गुण वजा होतात?

मलाजखंडातल्या अमुक एका शाळेवर आमचा रोख आहे, असे कोणी समजू नये. आमचा रोख पद्धतीवर आहे, आणि ती पद्धत अशा गावात गेली तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागला की रानाजवळची घरेच्या घरे पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. त्या चार-दोन आठवड्यांच्या कमाईवर घरचे मीठमिरची चालते. त्या घरातले पोर त्या दिवसांत शाळेत उशिरा येते, किंवा येतच नाही. वहीच्या लेखी हा काय? ‘वक्तशीरपणाचा अभाव’! ज्याच्या घरी गणवेशाचा एकच जोड आहे, त्याचा सदरा पावसाळ्यात वाळत नाही. वहीच्या लेखी ‘नीटनेटकेपणाचा अभाव’! ज्याचा बाप खाणीवर रात्रपाळी करून झोपला आहे आणि आई धाकट्याला सांभाळते आहे, त्याचा गृहपाठ पाहायला घरी कोणी नाही. वहीच्या लेखी ‘जबाबदारीचा अभाव’! आणि जे पोर शेजारच्या पोराला गोंडीत किंवा मराठीत विचारते की गुरुजी काय म्हणाले, ते वहीच्या लेखी ‘वर्गात बोलणारे’ ठरते.

उलट बाजूला अधिकाऱ्याच्या मुलाकडे पाहा. त्याला गाडी शाळेच्या दारात सोडते, त्याचे बूट दुसरे कोणी पुसते, त्याचा गृहपाठ शिकवणीत होतो, आणि शाळेची भाषा हीच त्याच्या घराची भाषा असते. त्याचे १०० पैकी १०० गुण शाबूत राहतात. यात त्या मुलाचा दोष नाही. पण यात त्याचा गुण तरी कोणता? वहीने मोजले ते वर्तन नव्हे. वहीने मोजले ते घर. जे दारिद्र्य आहे त्याला ‘बेशिस्त’ म्हणायचे आणि जी सुबत्ता आहे तिला ‘संस्कार’ म्हणायचे, एवढीच या अंकगणिताची करामत आहे. आणि आकड्याचा गुण असा की, त्याच्याशी भांडता येत नाही. गुरुजी पक्षपात करतात, असे बाप म्हणू शकतो. पण ‘६२’ या आकड्याला तो काय म्हणणार?

जिभेला लावलेली पाटी

बोलण्यावर गुण कापण्याचा हा प्रकार नवा आहे, असेही नाही. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची एक खुंटी अडकवीत. त्या मुलाने दुसऱ्या कोणाला वेल्श बोलताना पकडले की ती खुंटी त्याच्या गळ्यात जाई. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात ती उरे, त्याच्या वाट्याला शिक्षा. फ्रान्सच्या ब्रेतान भागातल्या शाळांत हीच युक्ती चालली. जपानच्या ओकिनावा बेटावर विसाव्या शतकात ‘बोलीची पाटी’ मुलांच्या गळ्यात घालीत, आणि दुसरे महायुद्ध संपल्यानंतरही ती पद्धत पुरती गेली नव्हती. या तिन्ही ठिकाणची माणसे एकमेकांना ओळखत नव्हती. तरी त्यांना एकच यंत्र सुचले, कारण त्या यंत्राचे काम एकच होते: मुलाला मुलाचा हेर बनविणे!

आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कितीतरी शाळांत मातृभाषेत बोलणाऱ्या मुलाला दंड करण्याची चाल आहे, हे कोणाला ठाऊक नाही? गुरुजी वर्गाबाहेर गेले की वर्गनायकाने बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायची, ही चाल तर आपल्या मराठी शाळांतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गुणांच्या वहीने त्या फळ्याला व्याज लावले, एवढेच. फळा निदान मधल्या सुटीत पुसला जाई!

याचे मूळ शोधू गेल्यास तेही आपल्याच भूमीत सापडते. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा अधीक्षक होता. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे, ही पद्धत त्याने तेथे बसविली आणि १७९७ साली तिचा अहवाल लंडनमध्ये छापला. मुलांच्या अपराधांची नोंद ठेवणारी एक ‘काळी वही’ हा त्या पद्धतीचा एक अवयव होता. त्याचा प्रतिस्पर्धी जोसेफ लँकास्टर याने फटक्यांऐवजी बक्षिसाच्या चिठ्ठ्या काढल्या आणि त्यांच्या जोडीला मुलांच्या गळ्यात ओंडका अडकविण्याच्या, त्यांना टोपलीत घालून छताला टांगण्याच्या शिक्षाही काढल्या. छडी टाकून हिशेब हाती घेतला म्हणजे दयाबुद्धी आली, असे मानणाऱ्यांनी ही टोपली विसरू नये. थोड्या पैशांत, थोड्या शिक्षकांत, पुष्कळ मुले गप्प कशी बसवावी, हा त्या दोघांपुढचा प्रश्न होता. आजच्या वहीपुढचाही तोच आहे.

सावकारालाही मर्यादा होती

आम्ही याला सावकारी म्हणतो, ते शिवी म्हणून नव्हे. महाराष्ट्राला सावकाराची वही चांगली परिचयाची आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते आणि वह्या जाळल्या, आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरले. त्या शेतकऱ्यांना कर्ज नाकारायचे नव्हते. त्यांना जी वाचता येत नव्हती, तपासता येत नव्हती आणि कधी संपत नव्हती, अशी वही नको होती. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, आणि ऋणकोला हिशेब मागण्याचा आणि न्यायालयाला कागदामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. त्याहून जुना आपला दामदुपटीचा नियम: व्याज मुद्दलापलीकडे जाऊ नये!

आता शाळेच्या वहीला हे नियम लावून पाहा. तिची कलमे कोणी ठरविली? मुलाला विचारले नाही, बापाला सांगितले नाही. तिच्यातली नोंद खोटी असली तर दाद कोठे मागायची? ज्याने नोंद केली त्याच्याकडेच! तिच्यात व्याज किती? एकदा ‘उणा’ ठरलेला मुलगा सर्वांच्या नजरेत येतो, नजरेत आला म्हणून पुन्हा पकडला जातो, आणि पकडला गेला म्हणून आणखी उणा होतो. एकोणिसाव्या शतकातल्या कुणब्याला जे संरक्षण इंग्रज सरकारने दिले, ते स्वतंत्र भारतातल्या दहा वर्षांच्या पोराला त्याची शाळा देत नाही. यावर आणखी काय लिहावे?

याउलट आपला जुना शाळा सोडल्याचा दाखला आठवून पाहा. त्यात ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. त्या रकान्यात जुने हेडमास्तर एकच शब्द लिहीत: ‘चांगली’. मुलगा व्रात्य असो, मारामाऱ्या करणारा असो, फळ्यावर गुरुजींचे चित्र काढणारा असो, शाळेतून निघताना त्याच्या नावापुढे ‘चांगली’ हा शब्द पडे. कोणी त्याला खोटेपणा म्हणेल. आम्ही त्याला शहाणपण म्हणतो. शाळेतला हिशेब शाळेत मिटवायचा आणि पोराला कोऱ्या पाटीने जगात पाठवायचे, असा त्या एका शब्दाचा अर्थ होता.

तो अर्थ आता पुसत चालला आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली वरच्या वर्गांच्या प्रगतिपत्रकाचा एकसारखा नमुना ठरविला, तेव्हा शिस्तीसाठी स्वतंत्र श्रेणी त्यात घातली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यार्थ्याला ‘अपार’ नावाचा आयुष्यभराचा एक क्रमांक देण्याची योजना आली. ती शैक्षणिक नोंदींसाठी आहे आणि तिच्यात सोयही आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण जी पेटी आयुष्यभर उघडी राहणार, त्या पेटीत शिस्तीची वहीही टाकून देण्याचा मोह उद्या कोणाला होणार नाही, याची हमी कोण देणार? बाराव्या वर्षी मोहाच्या हंगामात चुकविलेल्या शाळेचा जाब त्या पोराने पंचविसाव्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीत द्यावा काय?

शिस्त लागते तरी का?

‘निदान शिस्त तरी लागते ना?’ असे या पद्धतीचे कैवारी विचारतात. ती लागत नाही, असे आमचे म्हणणे आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरात १० पाळणाघरांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना घ्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांपैकी ६ पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला! आधी उशीर झाला की पालक ओशाळत. आता दंड भरला की ते मोकळे. पुढे दंड उठविला, तरी वाढलेला उशीर खाली आला नाही. ओशाळेपण एकदा विकून टाकले की ते परत विकत मिळत नाही. आमच्या शाळेतली हुशार पोरे हा व्यवहार सर्वांआधी शिकतात. महिनाअखेर १० गुण शिल्लक आहेत म्हणजे दोन गृहपाठ बुडविण्याची ऐपत आहे! बक्षिसाच्या गुणांचेही तेच. अमेरिकेत १९७३ साली लहान मुलांवर एक प्रयोग झाला. ज्या मुलांना आपखुशीने चित्रे काढायला आवडत, त्यांतल्या काहींना चित्राबद्दल प्रमाणपत्र देण्याचे आधी कबूल केले. नंतर त्याच मुलांची चित्रे काढण्याची ओढ कमी झालेली दिसली. मूल्य लावले आणि गोडी गेली!

आणि पूर्ण गुण मिळविणारा तरी कोण निघतो? अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी विद्यालयात अवगुणांची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत आहे. रॉबर्ट ली हा विद्यार्थी १८२९ साली एकही अवगुण न लागता बाहेर पडला. जॉर्ज कस्टर हा ७०० हून अधिक अवगुण जमवून १८६१ साली वर्गात शेवटचा आला. त्या निष्कलंक लीने पुढे गुलामगिरी टिकविण्यासाठी लढणाऱ्या बंडखोर राज्यांच्या सैन्याचे नेतृत्व केले. आणि कस्टर १८७६ साली आदिवासींच्या तळावर चाल करून गेला आणि तेथेच मारला गेला. एकाची वही कोरी, दुसऱ्याची काळी. पण न्याय कोणत्या बाजूला आहे, हे दोघांनाही त्यांच्या वहीने शिकविले नाही. बटण लावले की नाही, एवढेच वही पाहते.

आपल्या इतिहासात तर ज्यांच्या नावे दंड पडला, तीच नावे पुढे राहिली. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला फर्ग्युसन महाविद्यालयाने १० रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. १९३८ साली निजामाच्या राज्यात ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने शेकडो विद्यार्थ्यांना घालविले. त्यांत मराठवाड्यातली मुलेही होती. त्या बेशिस्त ठरलेल्या मुलांना दार कोणी उघडले? नागपूर विद्यापीठाने! त्या दारातून आलेल्यांत पी. व्ही. नरसिंह राव हे एक होते, आणि १९९१ साली ते भारताचे पंतप्रधान झाले. ते नागपूर तेव्हा ज्या प्रांताची राजधानी होते, त्याच प्रांतात बालाघाटही होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. ज्या प्रांताच्या विद्यापीठाने दुसऱ्यांनी काढलेली मुले आपली म्हणून घेतली, त्या प्रांताचा हा वारसा आहे. प्रत्येक व्रात्य पोर देशभक्त असते, असा आमचा दावा नाही. पण जी पद्धत उद्धट पोर आणि ताठ पोर यांत भेद करू शकत नाही, तिच्या हाती देशाची मुले देऊ नयेत.

शिक्षकांना दोष नाही

शिक्षकांची बाजू आम्ही विसरलेलो नाही. एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, त्यातच खिचडीचा हिशेब, जनगणना, निवडणूक, माहितीचे तक्ते. आणि वर्गात चार भाषा बोलणारी मुले, त्यांतली त्याला येते एक! अशा माणसाने वही हाती घेतली तर त्याला निर्दय म्हणणे सोपे आहे, न्याय्य नाही. छडीपेक्षा वही बरी, पक्षपातापेक्षा आकडा बरा, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असेल. परंतु आगीतून फुफाट्यात जाण्याला सुटका म्हणत नाहीत. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. तो शिक्षक द्या, त्याला मुलांची भाषा शिकवा किंवा ती भाषा जाणणारा माणूस त्याच्या मदतीला द्या. वहीची गरज आपोआप कमी होईल. शिक्षक नेमायला पैसे लागतात आणि वही छापायला लागत नाहीत, हेच तिच्या लोकप्रियतेचे रहस्य आहे.

आणि वहीवाचून शिस्त लावता येते, हे महाराष्ट्राला बाहेरून शिकायला नको. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत. कोणाचे गुण कापले नाहीत, कोणाचे नाव फळ्यावर लिहिले नाही. मुलांनी ते पाहिले आणि ती आपली आपण झाडू घेऊन उभी राहिली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पाहिले की वारल्यांची मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत. त्यांनी गैरहजेरीची वही काढली नाही. त्यांनी शाळाच कुरणावर नेली आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हटले. बैहरच्या रानात मोहाच्या हंगामात काय करावे, याचे उत्तर कोसबाडच्या टेकडीवर केव्हाच दिलेले आहे. ते वाचायला मात्र वहीतून मान वर काढावी लागेल.

कायदा काय म्हणतो?

ज्यांना साने गुरुजी भावडे वाटतात, त्यांच्यासाठी कायदा सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही मना करते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०१२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, मुलाने सुधारावे म्हणून त्याला लाजविणे हेही मानसिक छळात धरले आहे. मग भिंतीवर टांगलेला उण्या गुणांचा तक्ता दुसरे काय करतो? याच कायद्याचे १६ वे कलम सांगते की, प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. म्हणजे ज्या शाळांना हा कायदा लागू आहे, तेथे आठवीपर्यंत ‘गुण संपले, चालते व्हा’ असे म्हणणे बेकायदेशीर आहे. २९ वे कलम सांगते की, शिक्षण शक्य तेथवर मातृभाषेतून असावे आणि मूल भयमुक्त असावे. आणि या सर्वांच्या वर राज्यघटनेचे ३५० अ हे कलम आहे. ते १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या त्याच वेळी, घटनेत आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय प्रत्येक राज्याने करावी, असे ते सांगते. ज्या हाताने सीमा आखली, त्याच हाताने हे वचन लिहिले. सीमा मात्र काटेकोर पाळली जाते आणि वचन ‘शक्य तेथवर’!

हे वचन आम्ही मराठी मुलासाठी मागतो, तेव्हा गोंडी मुलासाठी ते मागायला आम्ही कचरलो तर आमच्या मागणीला कवडीची किंमत उरणार नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार लोक निघाले. तरी ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर तिला मान्यता नाही म्हणून शासनाची नोटीस गेली. बेळगावात मराठीवर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध ओरडणाऱ्या महाराष्ट्राला हे शोभते काय? सीमेच्या पलीकडे आपण जे मागतो, ते अलीकडे आपण दिले पाहिजे. तरच आपल्या मागणीत तेज राहील.

आमच्या मागण्या

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. कोणत्याही शाळेत कोणत्याही भाषेत बोलल्याबद्दल एकही गुण कापला जाऊ नये, एकही पैसा दंड घेऊ नये. मग ती भाषा मराठी असो, गोंडी असो, कन्नड असो वा हिंदी असो. शिस्तीच्या गुणांचा तक्ता भिंतीवर किंवा पालकांच्या मोबाइल-गटात लावू नये. मुलांनी मुलांच्या नोंदी करण्याची चाल बंद व्हावी. शाळेचे नियम शाळा व्यवस्थापन समितीपुढे, म्हणजे जिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात त्या समितीपुढे, त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवावेत आणि मगच लागू करावेत. मुलाचे म्हणणे ऐकल्यावाचून नोंद होऊ नये. जी नोंद होईल ती सत्र संपताच फाडावी. आणि दाखल्यावर, प्रगतिपत्रकावर किंवा कोणत्याही कायमच्या खात्यावर तिचा मागमूस राहू नये. यांतल्या एकाही मागणीला पैसा लागत नाही. लागते ती फक्त लाज, आणि ती सरकारदरबारी शिल्लक आहे की नाही, हे पाहायचे आहे.

पालकांनीही गप्प बसू नये. आपल्या पोराच्या शाळेत अशी वही असेल तर ती मागा, वाचा, आणि आपल्या पोराचे गुण नेमके कशाबद्दल कापले ते विचारा. ‘घरच्या भाषेत बोलला’ असे उत्तर मिळाले, तर ते लेखी मागा. लेखी देण्याची हिंमत फारच थोड्या शाळांना होईल.

मलाजखंडच्या खाणीत शंभर टन दगड फोडावा तेव्हा सुमारे एक टन तांबे हाती लागते. त्या दगडाला टाकाऊ समजून देशाने ती खाण बुजविली नाही. त्यासाठी यंत्रे आणली, वसाहत बांधली, रस्ते केले, माणसे नेमली आणि दगडातल्या त्या एका टक्क्यावर चाळीस वर्षांहून अधिक काळ खर्च केला. त्याच डोंगराच्या पायथ्याशी शाळेत बसलेल्या पोराजवळ त्याहून पुष्कळ अधिक आहे. त्याच्यावर मात्र देशाने एक वही खर्च करावी आणि तीही वजाबाकीसाठी, हा हिशेब आम्हाला मान्य नाही.